मुखपृष्ठं फाडून बांधलेले अंक

मिठाईच्या एका दुकानासाठी बॉक्स डिझाइन करायचा होता. दुकान तीन पिढ्यांचं, मालक साधारण माझ्याच वयाचे. म्हणाले, "जुनं वाटलं पाहिजे, पण जुनाट नको." रात्री व्हॉट्सअॅपवर त्यांचे अकरा रेफरन्स येऊन पडले. पॅरिसमधली बेकरी, इस्तंबूलचा बकलावा, कुठल्याशा जपानी दुकानाचा 'मोची' नावाच्या मिठाईचा डबा. अकरापैकी एकाही चित्रात ना पेढा होता, ना एखादं देवनागरी अक्षर.

म्हटलं, आपण सरळ वाटेने जाऊ. १९५०च्या आसपासच्या दिवाळी अंकांत मिठाईच्या, उदबत्तीच्या, केसांच्या तेलाच्या जाहिराती असणारच. त्यांतली अक्षरं बघू, चौकटी बघू. एका जुन्या वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी हौसेने गठ्ठे काढून दिले. कापडी पाठीची, दोऱ्याने पक्की शिवलेली बाडं. उघडली तर कथा जागेवर, कविता जागेवर, संपादकीयसुद्धा जागेवर. मुखपृष्ठ मात्र एकाचंही नाही. जाहिरातींची पानंही नाहीत, शिवणीजवळ कापलेल्या कागदाची बोटभर कड तेवढी उरलेली. एका कडेवर लाल रंगाचा अर्धा गोल दिसत होता. कुंकवाची जाहिरात असेल किंवा साबणाची, देव जाणे.

"बाइंडिंगला जाड होतं ना," बाई म्हणाल्या. "आणि जाहिराती वाचायला कोण येतंय?"

कात्री त्यांनी चालवली नव्हती. चाळीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी चालवली असेल आणि त्या माणसाच्या हिशोबाने त्याचं बरोबरच होतं. वाचनालय वाचण्यासाठी असतं, मग न वाचण्यासारखं ते काढून टाकलं. पण त्या बोटभर कडा बघताना माझ्या डोक्यात जे पक्कं झालं ते असं: मराठी समाजाने शब्द जपले आणि शब्दांचं रूप रद्दीत घातलं. आपल्याकडे साहित्य संमेलनं आहेत, कोश आहेत, शुद्धलेखनावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भांडणं आहेत. पण १९५५ साली मराठी पाटी, मराठी लग्नपत्रिका, मराठी काडेपेटी दिसायची कशी, हे एखाद्या मुलीला बघायचं असेल तर तिला पाठवायचं कुठे?

डिझाइन शिकणारी, कॅमेरा घेऊन हिंडणारी मुलं विचारतात, "प्रेरणा कुठून आणायची?" त्यावर आपण त्यांना निसर्गात जायला सांगतो, प्रवास करायला सांगतो, मोबाइल बाजूला ठेवायला सांगतो. मला हा उपदेश पोकळ वाटतो. प्रेरणा ही जितकी मनाची गोष्ट आहे त्याहून जास्त गोदामाची आहे. गोदामात काय भरलंय आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे, यावर डोक्यात काय येणार ते ठरतं. आमच्या धंद्याचं गोदाम सध्या पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्राम. दोन्ही २०१० साली सुरू झाली. दोन्हींचा खाक्या एकच: तुम्ही ज्यावर थांबलात त्याच्यासारखंच आणखी दाखवायचं. लातूरचा मुलगा आणि लिस्बनची मुलगी दोघंही 'विंटेज पॅकेजिंग' असं टाकतात आणि दोघांपुढे तेच फिकट गुलाबी डबे येतात. मुलगा आळशी आहे म्हणून हे होत नाही. त्याच्या आजोबांच्या गावातल्या पेढ्याच्या पुड्याचा फोटो तिथे कुणी टाकलेलाच नसतो, म्हणून होतं.

फोटोग्राफीतला नमुना बघायचा तर आषाढात दिवे घाटात जाऊन उभं राहावं. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी वरच्या वळणावर पहाटेपासून ट्रायपॉड लागलेले असतात. वारीतले फोटो ठरलेले असतात. घाटातली नागमोडी रांग, रिंगणात धावणारा अश्व, डोक्यावर तुळस घेतलेली आजी, फुगडी, आणि कपाळावर बुक्का लावलेला सुरकुतलेला चेहरा, शक्यतो काळापांढरा. हे पाचही मी काढलेत. माझ्याकडे ते चांगले आलेत असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग एका वर्षी सासवडच्या मुक्कामात एका आजींनी मला विचारलं, "कितवा रे बाबा तू? काल एक जण म्हणाला, आजी हसू नका." मी कॅमेरा खाली घेतला. त्या हसत होत्या आणि दात नव्हते म्हणून जास्तच छान हसत होत्या. काल कुणीतरी त्यांना दुःखी व्हायला सांगितलं होतं, कारण त्याने आधी बघितलेल्या फोटोतली आजी दुःखी होती.

त्या वर्षी मी दुसऱ्याच गोष्टी बघायला लागलो. दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढची अमुक, रथामागची तमुक, आणि प्रत्येक दिंडीच्या ट्रकवर, पाण्याच्या टँकरवर ते रंगवलेले असतात. त्यांत गावच्या पेंटरचा हात दिसतो. कुठे शेंदरी अक्षरांना निळी सावली, कुठे 'क्र.'मधल्या 'क्र'ची शेपटी टाकीच्या कडेपर्यंत ओढलेली. एका मंडपात एकाच वीजबोर्डाला लटकलेले चाळीस-पन्नास मोबाइल आणि कुणाचा कुठला हे कळावं म्हणून त्यांना बांधलेल्या रंगीत चिंध्या. मोफत चप्पल शिवून देणारे, मोफत दाढी करून देणारे. धुतलेलं नऊवारी दोन टोकांना धरून वाऱ्यावर वाळवत उभ्या असलेल्या दोघी. (नीरेच्या स्नानाला मात्र कॅमेरा पिशवीतच ठेवावा. अंघोळ करणाऱ्या बायांचे फोटो 'भक्तिभाव' म्हणून मिरवणाऱ्यांना काय म्हणावं, त्यासाठी मराठीत शब्द आहेत, पण ते इथे नकोत.) हे सगळं वारीत वर्षानुवर्षं आहे. ते आपल्याला दिसत नाही, कारण आपण वारी बघायला जात नाही. आधी बघितलेला फोटो पुन्हा काढायला जातो.

आता शहरातल्या रस्त्यावर येतो, कारण तिथे हा प्रश्न माझा-तुमचा न राहता सरकारचा होतो. २०२२ साली महाराष्ट्राने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असं ठरलं. दारूच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं नकोत, तेही त्याच झटक्यात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मी या कायद्याच्या बाजूचा आहे, अजूनही आहे. मुंबईत मराठीत पाटी लावायला न्यायालयात जावं लागावं, यातच सगळं आलं.

पण त्या दोन महिन्यांत झालं काय? रातोरात हजारो पाट्या लागल्या आणि त्यांतल्या बहुतेक एकाच माणसाने एकाच बैठकीत केल्यासारख्या. इंग्रजी नाव कंपनीने ठरवून दिलेल्या सुबक अक्षरांत आणि त्याच्या डोक्यावर मराठी, संगणकात जो फॉन्ट समोर आला त्यात, मापात बसावं म्हणून आडवा ताणलेला. ताणला की काने जाड होतात, शिरोरेघ बारीकच राहते आणि अक्षर बसकं दिसतं. काही ठिकाणी तर सॉफ्टवेअरने वेलांटी चुकीच्या जागी टाकलेली, 'मिठाई'ची 'मठिाई' झालेली. तपासायला आलेल्या माणसाने उंची मोजली, भाषा बघितली आणि तो पुढे गेला. कायद्याने त्याला तेवढंच सांगितलं होतं. अक्षर मराठी असावं, मोठं असावं. ते बरं दिसावं, हे आपल्यापैकी कुणी मागितलंच नाही. मोर्चात नाही, न्यायालयात नाही, अग्रलेखात नाही.

गंमत म्हणजे सरकारी वर्णमालेत 'पाकळीयुक्त ल' आणि 'देठयुक्त श' असे सुंदर शब्द आहेत. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीहून वेगळा, हे सरकारला माहीत आहे. पाटीवर मात्र तो ल क्वचितच दिसतो, कारण बहुतेक फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी येतं आणि मराठी वळण आत कुठेतरी दडलेलं असतं. पाकळी शोधायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं द्यावीत असं कुणाला वाटावं, तर पाकळी आधी कुठेतरी बघितलेली असायला हवी.

आमच्या तालुक्याच्या गावी एक पेंटर होते. लहानपणी मी तासन्‌तास त्यांच्यासमोर बसायचो. पत्र्याला आधी पांढऱ्याचे दोन हात. मग दोऱ्याला निळीची पूड लावायची, दोन्ही टोकं ताणून धरायची आणि मधून उचलून सोडायची. टक्‌ आवाज होऊन सरळ रेघ उमटायची. नाव लिहिण्याआधी ते त्यातले काने मोजायचे. "अक्षरं मोजू नको, काने मोज," म्हणायचे. "काना म्हणजे खांब. खांब नीट रोवले की घर आपोआप बसतं." शिरोरेघ सगळ्यात शेवटी, श्वास धरून, एका दमात. पैसे अक्षरावर घ्यायचे, जोडाक्षराला दीडपट. 'ज्ञानेश्वर' नावाच्या दुकानदाराशी त्यांची जी घासाघीस झाली होती, ती अख्ख्या बाजाराने उभं राहून ऐकली होती. आज त्यांचा मुलगा फ्लेक्स छापतो, स्क्वेअर फुटावर. दोष त्याचा नाही, धंदा तिकडे गेला. पण त्या माणसाने उभ्या हयातीत रंगवलेल्या पाट्यांपैकी एकीचाही फोटो त्या गावात नाही. माझ्याकडेही नाही. तेव्हा कॅमेरा नव्हता, आणि जेव्हा आला तेव्हा मी तो घेऊन घाटात उभा होतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. लोक म्हणतात, उसनवारी तर नेहमीचीच. आजच तिच्या नावाने गळा का काढायचा? खरं आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीला गेला, तो जर्मन यंत्रांवर आणि जर्मन तंत्रज्ञांच्या हातांनी चालला. आज घराघरात लक्ष्मी म्हणून जी कमळात उभी आहे ती त्या उसनवारीतूनच आली. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं रंगवणाऱ्या दीनानाथ दलालांच्या चित्रांत पाश्चात्त्य जाहिरातकलेची सफाई आहे, आणि म्हणून त्यांची चित्रं कमी मराठी झाली असं कुणी म्हणणार नाही. मला शुद्धतेची हौस नाही. बकलाव्याच्या डब्यावरून पेढ्याचा बॉक्स सुचला तर सुचू दे.

फरक आहे तो एवढाच की त्या माणसांकडे दोन गोदामं होती. बाहेरचं होतं आणि घरचंही होतं. दोन्ही एकमेकांवर घासली की ठिणगी पडायची. र. कृ. जोशी जाहिरातीच्या धंद्यात मुरलेले होते आणि हस्तलिखितांतल्या वळणांतही बुडालेले होते. म्हणून संगणकात देवनागरी आणायची वेळ आली तेव्हा 'मंगल' फॉन्ट त्यांच्या हातून झाला. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं वर्तमानपत्रात बोटभर जागेत यायची, तरी नाटकाचा पिंड त्या बोटभरात कळायचा. २०२०च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हा समाजमाध्यमांवर लोक त्या अक्षरांची कात्रणं शोधशोधून टाकत होते. शोधावी लागत होती, हे लक्षात घ्या. आजच्या मुलाकडे घरचं गोदामच नाही, त्यामुळे बाहेरचं जसंच्या तसं उतरतं.

आणि घरचं म्हणून जे एकच चित्र सगळ्यांना आठवतं ते वारली. उड्डाणपुलाचा खांब असो, स्टेशनची भिंत असो, शाळेचं कुंपण असो, ठेकेदार गेरूचा रंग मारतो आणि त्रिकोणांची माणसं नाचवतो. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, त्याला विधी आहे, वेळ आहे. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं कागदावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण खांबावरचा ठेका कुठल्या वारली पाड्यात जातो का, हे कुणी विचारत नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो आणि ते योग्यच होतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. पण आपल्या खांबावरची वारली आणि त्यांच्या पायातली कोल्हापुरी यांत, नाव न घेण्यापुरता, मला तरी फार फरक दिसत नाही.

मग करायचं काय? अकादमी काढा, महामंडळ नेमा, असलं काही मला सुचवायचं नाही. ते आपल्याला फार चटकन सुचतं आणि फार सावकाश बुडतं. माझ्या मागण्या किरकोळ आहेत. वाचनालयांना अनुदान मिळतं, त्या अनुदानाच्या अटींत एक ओळ घाला: नियतकालिकं बांधताना मुखपृष्ठ आणि जाहिराती काढायच्या नाहीत. जाड झालं तर दोन बाडं करा. दुसरं, जुनी पाटी उतरवून नवी लावायच्या आधी जुनीचा एक सरळ, समोरून काढलेला फोटो महापालिकेकडे द्यायचा. परवान्याच्या अर्जाला आधीच दहा कागद जोडावे लागतात, त्यात अकरावा. दहा वर्षांत शहराचा अक्षरसंग्रह तयार होईल, कुठलाही खर्च न करता. तिसरं, कला महाविद्यालयांनी पहिल्या वर्षी मुलांना मूडबोर्डऐवजी, म्हणजे इकडूनतिकडून जमवलेल्या चित्रांच्या फलकाऐवजी, एक गल्ली द्यावी. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जी अक्षरं दिसतील, लोखंडी फाटकावरचं घराचं नाव, दगडावरचं सन, रिक्षाच्या मागची ओळ, ती सगळी नोंदवून आणायची. मी एका कार्यशाळेत हे करून पाहिलंय. पुण्याच्या पेठेतल्या एका गल्लीतून एका मुलीने सिमेंटमध्ये उठावाची काढलेली वाड्यांची नावं आणली, एकोणीस, आणि प्रत्येकाचा 'स' वेगळा होता.

कायद्याची अडचण सांगतात, तीही तपासून बघू. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. दलाल १९७१ च्या जानेवारीत गेले; म्हणजे त्यांची चित्रं २०३२ सालच्या पहिल्या जानेवारीला सगळ्यांची होतील. निनावी जाहिरातींचा हिशोब प्रकाशनापासून साठ वर्षांचा, म्हणजे ज्या जाहिराती मी त्या वाचनालयात शोधत होतो त्यांतल्या कितीतरी आजच मोकळ्या आहेत. मोकळ्या आहेत, फक्त पानं नाहीत. आणि चांगली अक्षरं महाग आहेत हीही सबब आता चालत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींचे 'मुक्ता', 'बलू', 'मोदक' हे फॉन्ट कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. फुकट असून पाट्यांवर ताणलेलंच अक्षर दिसतं, यावरून अडचण पैशाची नाही हे उघड आहे.

पुण्यात राहणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगतो, राजा केळकर संग्रहालयात एकदा नुसते अडकित्ते बघायला जा. दुसऱ्या कशाकडे बघू नका. पोपटाचे, मोराचे, माणसांच्या जोडीचे; सुपारी कातरायची ती काय आणि त्यासाठी कारागिराने केलेला खटाटोप काय. एका माणसाने गावोगाव हिंडून वीस हजारांवर वस्तू जमवल्या. त्या काळात लोक ह्याला भंगार म्हणत असणार.

बॉक्सचं काय झालं ते सांगतो. जाहिराती मिळाल्या नाहीत, तेव्हा मी हताश होऊन घरी आलो. आईला सांगितलं. ती म्हणाली, "अक्षरंच पाहिजेत ना? मग माळ्यावरचा डबा काढ." पितळी डबा, आजीच्या लग्नातला. झाकणावर छिन्नीने ठिपके मारून घातलेलं नाव आणि खाली 'मामांकडून सप्रेम भेट'. पूर्वी भांड्यांच्या दुकानाबाहेर नावं घालणारा बसायचा, छोटी हातोडी आणि खिळ्यासारखी छिन्नी घेऊन. आता तिथे विजेची पेन्सिल आली. त्या ठिपक्यांत अक्षराला वळण देणं सोपं नसतं, म्हणून त्याने प्रत्येक वळण थोडक्यात आटोपलं होतं. एकच अक्षर मात्र त्याने मन लावून काढलं होतं. आजीच्या नावातला ल. दोन भरदार पाकळ्या, मधे चिमटीएवढी जागा.

मी दुकानाचं नाव त्या वळणाने काढलं. मालकांना ठिपके आवडले नाहीत, "छपाई पुसट झाल्यासारखी वाटेल" म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. ठिपके भरून टाकले, पाकळ्या ठेवल्या. बॉक्स बरा झाला. त्यावर्षी दिवाळीत त्यांनी तो भरपूर खपवला.

पुढच्या दिवाळीला दुसऱ्या गावाहून एकाने मिठाई पाठवली. बॉक्सवर माझा ल. तोच, तशाच दोन पाकळ्यांचा, कुणीतरी फोटोवरून ट्रेस केलेला आणि मापात बसवायला आडवा ताणलेला. मी चांगलाच भडकलो. आईला दाखवला तर ती आधी बर्फीकडे वळली आणि मग म्हणाली, "तुझा कसा? तो तर भांडीवाल्याचा."

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण ताणायला नको होता.